पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थयात्रा करीत असे. पुण्यप्राप्तीसाठी सारे द्रव्य दानधर्मात वेचले गेले आणि पुढे दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण यांचा अन्नावाचून अंत झाला.

१८७८ मध्ये रमाबाई भावासह कलकत्त्यास गेल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु धर्मशास्त्रे वाचताना स्त्रीला स्त्रीजन्मात मोक्षाचा अधिकार नाही, असे त्यांना आढळले. हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या विदुषीलाच मुक्तीचे दार बंद होते!

१८८० मध्ये विवाह आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तेथे समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करीत होत्या. हे त्यांना नवल वाटले. कारण विचारताच येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांना ऐकायला मिळाली. ख्रिस्ती श्रद्धेनुसार प्रत्येकाला देवाच्या न्यायासनासमोर उभे राहायचे असते आणि तेथे कोणाचेही पुण्य पुरे पडत नाही. मात्र खरा पश्चात्ताप करून, म्हणजे नुसती हळहळ न करता जीवनाची वाट बदलून, जो ख्रिस्तावर विश्वास ठेवतो त्याचे तारण होते. त्यात स्त्री-पुरुष हा भेद नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यांच्यावर कठोर टीका झाली. त्यांनी स्वतःची केलेली परीक्षा त्याहून कठोर म्हणावी लागेल. आपण धर्म स्वीकारला, पण तारणारा अजून गवसला नाही, असे सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आजच्या छत्तीसगडचा बराचसा भाग तेव्हा त्याच प्रांतात मोडत असे. तेथून आणलेल्या शेकडो निराधार मुली व विधवा पुणे जिल्ह्यातील केडगावच्या ‘मुक्ती सदना’त राहू लागल्या. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. १९०५ मध्ये मुक्ती सदनातील मुली आपल्या पापांची कबुली देत रडू लागल्या व दिवसचे दिवस प्रार्थना चालू राहिली.

अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजावे म्हणून रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्या बायबलची छपाई केडगावच्या मुद्रणालयात तेथील स्त्रियांच्या हातून झाली.