देवमाशाचा नामकर्ता : एडवर्ड ब्लिथ

माणसाची विद्वत्ता त्याच्या नावापुढील पदव्यांवरून ठरविण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु एकही पदवी नसताना ज्यांनी शास्त्राच्या इतिहासात आपले नाव कोरून ठेवले, अशीही माणसे होऊन गेली. एडवर्ड ब्लिथ हे त्यांपैकी एक. हिंदी महासागरातील निळ्या देवमाशाला शास्त्रीय नाव देण्याचा मान त्यांचा आहे.

ब्लिथ यांचा जन्म २३ डिसेंबर १८१० रोजी लंडन येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. आईने त्यांना शाळेत घातले, पण मुलाचे मन वर्गापेक्षा रानात अधिक रमे. पुढे लंडनजवळील टूटिंग येथे त्यांनी औषधांचे दुकान थाटले. पहाटे तीन-चारला उठून वाचन करावे, टिपणे काढावीत, पक्षी पाहावेत, हा त्यांचा नित्यक्रम. साहजिकच दुकान बुडाले!

१८४१ साली ते कलकत्त्याला आले आणि एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे व्यवस्थापक झाले. पगार तुटपुंजा, काम डोंगराएवढे. ब्रह्मदेशापासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणचे लोक त्यांच्याकडे कातडी, हाडे, पक्षी पाठवीत आणि ते त्यांची ओळख पटवीत. चार्ल्स डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. वॉलेस यांच्या एका महत्त्वाच्या लेखाकडे डार्विनचे लक्ष वेधणाऱ्यांत ब्लिथ होते.

१८५१ मध्ये आराकानच्या किनाऱ्यालगत एका बेटावर सुमारे ८४ फूट लांबीचा देवमासा वाहून आला. त्याच्या खालच्या जबड्याची हाडे व काही मणके कलकत्त्याला पोहोचले. जबड्याचे एकेक हाड जवळजवळ २१ फुटांचे! माझे वडील लकडगंजात आरा मशीनवर काम करतात. चंद्रपूरकडून येणारे सागाचे ओंडके मोजण्यात त्यांचा जन्म गेला. एवढा लांब ओंडका टालीवर क्वचितच येतो, असे त्यांनी मला सांगितले. आणि हे तर नुसते जबड्याचे हाड! एवढ्याशा सामग्रीवरून १८५९ साली ब्लिथ यांनी या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘बॅलिनॉप्टेरा इंडिका’ असे नाव दिले.

देवमासा हा नावाचाच मासा. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, मादी पिलाला दूध पाजते. पिलू जन्मतःच सुमारे सात मीटर लांब असते. एवढ्या अवाढव्य प्राण्याला दात नाहीत. वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या शेकडो शृंगपट्ट्यांच्या चाळणीने तो पाणी गाळतो आणि कोळंबीसारख्या इवल्या जीवांवर पोट भरतो. त्याचा आवाज इतका खर्जातला, की बराचसा आपल्या कानांना ऐकूच येत नाही. पण पाण्यातून तो शेकडो किलोमीटर जातो.

ब्लिथ यांनी ज्याला स्वतंत्र जाती मानले, त्याला आज निळ्या देवमाशाची उपजात मानतात. म्हणजे त्यांचा निष्कर्ष जसाच्या तसा टिकला नाही. पण आपल्या समुद्रातला देवमासा वेगळा आहे, ही त्यांची दृष्टी खरी ठरली. दक्षिणेकडचे त्याचे भाऊबंद उन्हाळ्यात अंटार्क्टिकाकडे जातात. हा मात्र बारा महिने उष्ण पाण्यातच राहतो. त्याचे गाणेही निराळे आहे.

१९६३ ते १९६६ या काळात सोव्हिएत जहाजांनी हिंदी महासागराच्या उत्तर भागात सुमारे १,३०० निळे देवमासे बेकायदा मारले. त्या घावातून वाचलेल्यांचा वंश अजून आहे. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे दिसले.

ब्लिथ यांच्या वाट्याला सुख थोडे आले. १८५७ मध्ये पत्नीचे निधन झाले, प्रकृती ढासळली, पगारवाढीची विनंती व्यर्थ गेली. थोड्याशा निवृत्तिवेतनावर ते मायदेशी परतले आणि २७ डिसेंबर १८७३ रोजी निवर्तले. परंतु देवमाशाच्या नावात ‘इंडिका’ आजही आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. विद्या ही आपल्यासारख्यांची नव्हे, असे कधी कधी मनात येते. नागपूरपासून समुद्र आठशे किलोमीटर दूर; मी तो अजून पाहिलेला नाही. पण दाराशी आलेले हाड नीट मोजावे, नीट पाहावे, एवढे तर कोणालाही करता येते. ओंडक्याला टेप लावताना वडील एक इंचही सोडत नाहीत. ब्लिथ यांचे चरित्र वाचल्यापासून त्या टेपकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे.

— बी. ए. द्वितीय वर्ष