एलफिन्स्टनसाहेबांची सावधगिरी

मुंबईच्या एलफिन्स्टन कॉलेजाचें नांव ठाऊक नाहीं असा वाचक विरळा. परंतु तें ज्यांच्या स्मरणार्थ पडलें त्यांच्या चरित्राची ओळख थोड्यांसच असेल. माऊंटस्टुअर्ट एलफिन्स्टन यांचा जन्म १७७९ सालीं स्कॉटलंडांतील एका उमराव घराण्यांत झाला. सतराव्या वर्षाच्या सुमारास ते कंपनीच्या चाकरीसाठीं हिंदुस्थानांत आले. असईच्या लढाईंत ते वेलस्लीच्या दिमतीस होते. पुढें नागपुरास रेसिडेंट झाले, काबूलच्या शहाकडे वकील म्हणून पेशावरास जाऊन आले, आणि १८११ सालीं पुण्याच्या दरबारीं रुजू झाले. १८१७ सालीं खडकीस लढाई जुंपली तेव्हां संगमावरील त्यांची कोठी ग्रंथसंग्रहासह जळून गेली. पेशवाई बुडविण्यांत त्यांचा हात होता, हें आम्ही विसरूं इच्छीत नाहीं.

१८१९ ते १८२७ पर्यंत ते मुंबईचे गव्हर्नर होते. पेशव्यांची दक्षिणा त्यांनीं एकदम बंद न करितां तिच्या कांहीं भागांतून १८२१ सालीं पुण्यास विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा स्थापिली. देशी भाषांत शालोपयोगी पुस्तकें करविणाऱ्या मुंबईच्या मंडळीस त्यांनीं आश्रय दिला. शिकलेली प्रजा एक दिवस आपलें राज्य आपणच मागेल हें ते जाणून होते, तरी शिक्षण त्यांनीं रोखलें नाहीं. ते स्वदेशीं निघाले तेव्हां त्यांच्या नांवें अध्यापक नेमण्याकरितां इलाख्यांतील लोकांनीं दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. यांत व्यापारी मंडळींचा वांटा मोठा होता, हें आमच्या पेठांतील वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

परंतु एके ठिकाणीं या थोर पुरुषाचें पाऊल अडखळलें. मिशनऱ्यांच्या शाळांत खालच्या जातींचीं मुलें सर्वांत चांगलीं शिकतात, असें त्यांनीं स्वतःच नमूद केलें आहे. तथापि प्रथम त्यांसच शिकविल्यास वरचे वर्ग विद्येपासून दूर राहतील, या भीतीनें त्यांस विशेष उत्तेजन देण्याचें त्यांनीं टाळलें. नवीन राज्याच्या व्यवस्थेसाठीं ही सावधगिरी सोयीची असेल. पण जे दाराबाहेर राहिले त्यांच्या दोन पिढ्या तींत गेल्या. लोकांचा रोष पत्करण्याचें सामर्थ्य सरकारापाशीं होतें. कर वसूल करितांना तें दिसून आलेंच.

विलायतेस गेल्यावर गव्हर्नर-जनरलचें पद त्यांनीं दोनदां नाकारिलें व १८४१ सालीं हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. १८४८ सालीं त्याच पुण्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली, व लौकरच अस्पृश्य मुलांसही शिकविण्यास आरंभ केला. सरकारानें जें टाळलें तें एका माळ्याच्या मुलानें शिव्याशाप सोसून केलें. साहेब तेव्हां सरे परगण्यांत ग्रंथवाचनांत काळ घालवीत होते. १८५९ च्या नोव्हेंबरांत ते तेथेंच निवर्तले.