खंजिरीची श्रीमंती

वऱ्हाडातील संगीताचा विषय निघाला की बोलणे बहुधा शहरांतील मैफली आणि तेथे येऊन गेलेले नामांकित गवई यांच्यापाशी येऊन थांबते. यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत मात्र संगीताचे बिऱ्हाड निराळ्या ठिकाणी आहे. वणी, राळेगाव, घाटंजी, केळापूर या तालुक्यांतील कितीतरी गावांत दिवसभर कपाशीत राबून आलेली माणसे रात्री जेवणे उरकून मारुतीच्या पारावर जमतात. कोणी पेटी उघडतो, कोणी टाळ घेतो, आणि एकजण खंजिरीवर थाप मारून पहिली ओळ उचलतो. आवाज रापलेले असतात, सूर कधी घसरतो, पण ठेका सुटत नाही. घटकाभरात गाणारे कोण आणि ऐकणारे कोण हा भेदच उरत नाही. या रांगड्या गाण्याला ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली त्या तुकडोजी महाराजांना जाऊन अर्धशतक उलटले. संत म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. ज्या वाद्याच्या बळावर ते घराघरांत पोचले त्या खंजिरीचा विचार त्या मानाने थोडाच झाला.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचे मूळ नाव. घरची परिस्थिती बेताची. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. तुकड्या हे नाव त्यांचेच देणे, आणि पुढे देशभर कीर्ती पसरली तरी भजनाच्या शेवटी हीच नाममुद्रा कायम राहिली. १९२१ मध्ये गुरू गेले तेव्हा शिष्य अवघा बारा वर्षांचा होता. त्यानंतरची काही वर्षे रामटेक, सालबर्डी आणि चिमूरजवळचे गोंदोडा येथील रानावनांत गेली. कोणत्याही घराण्याची तालीम त्यांना मिळाली नाही, कोणत्याही गवयापुढे त्यांनी गंडा बांधला नाही. जे कानांवर पडले ते त्यांनी घेतले आणि जे लोकांना पेलेल ते दिले.

खंजिरी हे वाद्य तरी काय? लाकडाचे एक कडे, त्यावर एका बाजूने ताणलेले कातडे आणि कडेच्या खाचांत खुळखुळणाऱ्या धातूच्या चकत्या. ते काखेत मारून कोसभर चालता येते. तंबोऱ्याला जपावे लागते, तबल्याला स्वतंत्र वादक लागतो, आणि दोन्हींसाठी पैसा, गुरू व सवड या तीन गोष्टी हव्यात. कोरडवाहू शेतकऱ्याजवळ यांतील एकही नसते. खंजिरीने ही तिन्ही बंधने एकदम तोडली. एका हाताने धरायची, दुसऱ्याने वाजवायची आणि गळा मोकळा ठेवायचा, एवढ्यावर एक माणूस सारी सभा उभी करू शकतो. ज्या कलेत शिरण्यास भांडवल लागत नाही तीच कला गरिबांच्या मुलखात टिकते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम महाराजांनी पुस्तकात वाचला नव्हता. तो त्यांनी आपल्या जगण्यातून ओळखला होता.

१९३५ साली अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला जाऊन राहिले. या सहवासानंतर त्यांच्या भजनांतील देव देवळाबाहेर अधिक दिसू लागला. अस्पृश्यता, व्यसने, गावची घाण, अंधश्रद्धा, सावकारी हे विषय खंजिरीच्या ठेक्यावर आले. सभेतील भाषण ऐकून माणूस घरी जातो आणि विसरतो; भजनातील ओळ दुसऱ्या दिवशी निंदणाच्या तासातही त्याच्या ओठांवर राहते. ही गोष्ट राज्यकर्त्यांच्याही ध्यानात आली. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाले, त्यांमागे या भजनांनी चेतविलेले मन होते असे सरकारने मानले. महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. हाती शस्त्र नसलेल्या, केवळ एक चामड्याचे वाद्य बाळगणाऱ्या माणसाची सत्तेला भीती वाटावी, यातच त्या वाद्याचे सामर्थ्य आले.

सुटकेनंतर त्यांनी जे केले ते अधिक मोलाचे होय. भजन ऐकून भारावलेल्या माणसांना त्यांनी केवळ भक्त राहू दिले नाही. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या. पहाटे ग्रामसफाई, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना आणि रात्री भजन असा त्यांचा क्रम असे. ज्याला महाराजांचे गाणे आवडले त्याने आपल्या गावात ते स्वतः गायचे आणि गाता गाता झाडूही धरायचा, अशी ही योजना होती. १९५५ साली सिद्ध झालेल्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत त्यांनी गावाच्या आरोग्यापासून शिक्षणापर्यंत सर्व प्रश्न मांडले आणि ग्रंथ अर्पण केला तो गावालाच. त्याच वर्षी जपानमधील धर्मपरिषदेत त्यांची खंजिरी वाजली. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत ते सरहद्दीवर जाऊन जवानांपुढे गायिले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांचे देहावसान झाले.

या कार्याचे वेगळेपण दूरच्या एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या उत्तरेस, टेकड्यांच्या मुलखात, कृष्णवर्णी शेतमजुरांचे ब्लूज नावाचे गाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. कापसाचाच मुलूख, कर्जाचाच जाच, आणि गाणेही तसेच उघडेवाघडे. सुरांची उलटापालट थोडी. एकच ठेका पाय हलू लागेपर्यंत घोळवीत राहायचा. फ्रेड मॅकडॉवेल हा त्यांतील थोर कलावंत दिवसा शेतात राबे आणि रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी गिटार वाजवी. आरंभी खिशातला चाकू आणि पुढे बाटलीचा गळा तो तारांवरून सरकवीत असे. १९५९ मध्ये लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी त्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. त्यानंतर तबकड्या निघाल्या, युरोपात कार्यक्रम झाले, आणि १९७२ मध्ये तो वारला तेव्हा साता समुद्रांपलीकडे त्याचे चाहते होते. आजही ते चाहते एकमेकांना त्याच्या तबकड्या ऐकवतात, तो जिथे राहिला ती गावे पाहण्यास जातात. हे प्रेम खरे आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्या वाटेने गाणे ही वस्तू होते. गाणारा एकीकडे आणि विकत घेऊन ऐकणारा दुसरीकडे राहतो.

तुकडोजी महाराजांच्या गाण्याचेही ध्वनिमुद्रण झाले, पण ते पसरले तबकड्यांवरून नव्हे. ते माणसाकडून माणसाकडे गेले. येथे ग्राहक आणि उत्पादक एकच आहेत. पारावर बसलेला शेतकरी आज साथ करील, उद्या खंजिरी त्याच्याच हातात असेल. वाटल्याने कमी न होता वाढते असे धन व्यवहारात दुर्मीळ असते. भजनी मंडळ हे तसे धन आहे.

ते धन आज झिजत आहे, ही चिंतेची बाब होय. महाराजांना सन्मान कमी मिळाले असे नाही. १९९५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. परंतु त्याच सुमारास यवतमाळ जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशाला ठाऊक झाला. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. कर्ज, नापिकी आणि पडलेले भाव यांवर भजन हा उपाय नव्हे. तसे म्हणणे ही शेतकऱ्याची थट्टाच ठरेल. मात्र कर्जाच्या ओझ्याइतकाच एकटेपणाही माणसाला आतून पोखरतो. रात्री पारावर जो माणूस आला नाही त्याची चौकशी करण्यास कोणीतरी त्याच्या घरी जाते, हे मंडळाच्या अनेक उपयोगांपैकी एक आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात होत नाही. ज्या गावात पारावरचे भजन संपून मोठ्या कर्ण्यावर तयार गाणी वाजू लागली, तेथे आवाज वाढला, पण ही चौकशी बंद झाली.

म्हणून महाराजांच्या चाहत्यांनी एक भेद ओळखला पाहिजे. प्रतिमेला हार घालणे सोपे, स्पर्धेत ढाल मिळविणे त्याहून थोडे कठीण, आणि वर्षभर दर आठवड्याला चार माणसे जमवून बसणे सर्वांत अवघड. शाळेतील शिक्षक, ग्रामपंचायतीतील कारकून, सुटीत गावी आलेला विद्यार्थी यांना हे तिसरे काम करता येण्यासारखे आहे. त्यास निधी लागत नाही, परवाना लागत नाही, गोड गळाही लागत नाही.

दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात मोझरी येथे लाखो माणसे जमतात आणि महाराजांच्या निर्वाणाच्या वेळी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, मौन श्रद्धांजली वाहतात. आयुष्यभर गात राहिलेल्या माणसाला त्याच्या चाहत्यांनी स्तब्धतेने वंदन करावे, हे योग्यच आहे. मात्र त्या गर्दीतून परतलेल्या प्रत्येकाने आपापल्या पारावर पुन्हा खंजिरी उचलली, तरच त्या मौनाला अर्थ राहील.