लाल गोळीचे मूळ

मागच्या दिवाळीनंतर पुतणी पहिलटकरीण म्हणून धरणगावला माहेरी आली, ती औषधांची थैलीच घेऊन. थैलीत सरकारी दवाखान्यातली लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी होती, आणि कुणीतरी प्रेमाने दिलेली ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूलची महागडी बाटलीही. बँकेत जन्म गेल्यामुळे असेल, खात्यात रक्कम दिसली की ती कुठून आली हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. लाल गोळीचा माग काढता काढता मी थेट परळला, लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाईंपाशी जाऊन पोचलो.

आपल्या बालकवींपेक्षा लूसी दोन वर्षांनी मोठी. बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे १० मे १८८८ रोजी जन्मली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली. परीक्षा दिली, पण पदवी नाही, कारण तिथे तेव्हा बायकांना पदवी देत नसत! पुढे दोन वर्षांच्या आत वडील आणि थोरली बहीण गेली. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी केपटाऊनला शुश्रूषेचे काम केले आणि १९२० साली लंडनला ती डॉक्टर झाली.

१९२८ साली ती मुंबईला आली. गिरण्यांच्या वस्त्यांतल्या गरोदर बाया एका विचित्र पांडुरोगाने खंगत होत्या. रक्तपेशी कमी, पण आकाराने अवाढव्य. कित्येक जणी बाळंतपणाच्या आसपास दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना लूसीने नुसते रक्त तपासले नाही, या बाया खातात काय, तेही पाहिले. माझ्या मते तिचे खरे मोठेपण इथे आहे. गरीब मुसलमान घरांत आजार जास्त होता, आणि त्यांचेच जेवण सर्वांत निकस होते.

मग उंदीर आले, माकडे आली, कुन्नूरची प्रयोगशाळा आली. उंदरांच्या प्रयोगात उवांनी पसरवलेल्या जंतूंनी घोटाळाही केला. अखेर उपयोगी पडले ते मार्माइट: बीअरच्या कारखान्यातल्या यीस्टपासून केलेला काळा, खारट, चिकट पदार्थ. इंग्रज तो पावाला लावून खातात. तो दिल्यावर आजारी बायांचे रक्त भराभर सुधारू लागले. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. मार्माइट स्वस्त होते, ही गोष्ट तिला महत्त्वाची वाटली. आतला गुणकारी घटक कोणता, ते मात्र कळले नव्हते. त्याला नुसते ‘विल्स घटक’ म्हणत.

१९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन नावावरून फॉलिक ॲसिड ठरला. काही वर्षांतच अमेरिकेत लेडर्ली कंपनीत तो कृत्रिमरीत्या तयार झाला; तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. नव्या पेशी घडताना हा घटक लागतोच, आणि गरोदरपणात तर पेशींची घाईच असते.

लूसी १९४७ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाली, पण जमैका, फिजी अशी फिरतच राहिली. १६ एप्रिल १९६४ रोजी ती वारली. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष पुष्कळ टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले. ते तिला पाहायला मिळाले नाही.

आता ती बाटली. क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेने गरोदरपणातला वाढता रक्तदाब आणि त्याचे झटके टळतील, अशी आशा पूर्वी होती. ब्रिटनमध्ये सुमारे २४०० जोखमीच्या गरोदर स्त्रियांवर चाचणी झाली. २००६ साली निकाल आला: फायदा नाही, उलट कमी वजनाची बाळे थोडी जास्तच.

पुतणीने थैली डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. त्यांनी बाटली बाजूला सारली, लाल गोळी चालू ठेवायला सांगितली आणि घरी काय काय जेवतेस, ते विचारले. कळण्याची भाकरी, मेथी, उडदाची डाळ, असे पुतणी सांगत गेली आणि बाई लिहून घेत गेल्या.