पंडिता रमाबाई: बायबल मुळातून वाचणारी विदुषी

धर्मग्रंथातले एक वाक्य उचलायचे आणि त्याचा हवा तसा अर्थ लावायचा, हे सगळ्याच धर्मांत घडते. ते वाक्य कोणी, कोणाला आणि कोणत्या काळात सांगितले हे सुटले, की अर्थही निसटतो. बायबलचेही असेच होते. यावर पंडिता रमाबाईंचा उपाय साधा पण कष्टाचा होता. ग्रंथ मूळ भाषेत वाचायचा आणि साध्या मराठीत आणायचा. आयुष्याची शेवटची सुमारे 18 वर्षे त्यांनी या कामाला दिली.

वाचण्याचा अधिकार कोणाचा?

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यापायी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. पुढे आईनेच रमाबाईंना शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भारतभर फिरत, पुराणे सांगत 1878 मध्ये कोलकात्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

कोलकात्यात स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे बारकाईने वाचली. ग्रंथांची आपसांत कितीही मतभिन्नता असली, तरी स्त्रीला खालचे स्थान देण्यात त्यांचे एकमत आहे, हे त्यांच्या लक्षात आले. वेद तर स्त्रियांना वर्ज्यच होते. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हातात वेदाची प्रत दिली आणि तो वाचायला सांगितले. ज्यांना ग्रंथ वाचू दिला जात नाही, त्यांना दुसऱ्याने सांगितलेला अर्थच खरा मानावा लागतो, हे रमाबाईंना तेव्हापासून ठाऊक होते.

विहिरीवरची स्त्री

1880 मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. सिल्चरच्या घरात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्यांचे बायबलचे वाचन सुरू झाले. 1882 मध्ये पती कॉलऱ्याने गेले. लहानग्या मनोरमाला घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापला आणि 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या.

लंडनजवळ फुलहॅमला जोगिणी ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांची प्रेमाने सेवा करताना त्यांनी पाहिल्या. असे का करता, या प्रश्नावर त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. रमाबाईंच्या मनावर तिचा खोल परिणाम झाला.

ही गोष्ट अनेकदा चुकीची वाचली जाते. पाच नवरे झालेली म्हणून ती बदफैली, आणि लाजेपोटी भर दुपारी पाण्याला आलेली, असे सर्रास सांगितले जाते. मजकुरात फक्त दुपारची वेळ दिली आहे. लाजेचा उल्लेख नाही. त्या काळच्या यहुदी नियमशास्त्रात सूटपत्र देण्याचा हक्क पुरुषाचा होता. नवरे मेले असतील किंवा त्यांनी तिला टाकले असेल. येशू तिला पश्चात्ताप करायलाही सांगत नाही.

यहुदी आणि शोमरोनी लोकांत जुने वैर होते. शोमरोनी लोकांचे गरिज्जीम डोंगरावरचे मंदिर एका यहुदी राज्यकर्त्यानेच पाडले होते. अशा लोकांतल्या स्त्रीकडे एक यहुदी गुरू पाणी मागतो आणि खरी उपासना डोंगरावरही अडत नाही, यरुशलेमेतही अडत नाही, हे तिला समजावतो. विहीर, पाणी आणि विटाळ यांचे नाते महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी विचार करणे सोडले नाही. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या डॉरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. लॅटिन अक्षरांच्या क्रूसाला त्यांनी नकार दिला. संस्कृत का चालू नये, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्यांनी तेही खडसावून नाकारले.

केडगावचा छापखाना

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आसरा मिळाला. तिथेच मुक्ती मिशन उभे राहिले.

विल्यम केरींच्या श्रीरामपूरच्या छापखान्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, मराठीत बायबलची भाषांतरे होत होती. रमाबाईंना त्यांतली संस्कृतप्रचुर भाषा खटकली. ती खेड्यातल्या बाईला कळत नव्हती आणि हिंदू शास्त्रांतल्या शब्दांबरोबर त्यांचे जुने अर्थही येत होते.

योहानाच्या तिसऱ्या अध्यायातून ही अडचण कळते. येशू निकदेमाला पुन्हा जन्मण्याविषयी सांगतो. भारतीय वाचकाला लगेच पुनर्जन्म आठवतो, पण तिथे मृत्यूनंतरच्या जन्माचा विषयच नाही. मूळ ग्रीक शब्दाचे अर्थ दोन आहेत: ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेम पहिला अर्थ धरतो आणि गोंधळतो. येशू मात्र आत्म्यापासून मिळणाऱ्या नव्या जीवनाविषयी बोलतो. मूळ शब्द आणि पुढची वाक्ये पाहिली की गोंधळ मिटतो.

म्हणूनच रमाबाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर त्यांनी केले, तर खिळे जुळवणे आणि छपाई केडगावच्या स्त्रियांनी केली. यातल्या कितीतरी जणी काही वर्षांपूर्वी दुष्काळातून उपाशीपोटी आल्या होत्या.

1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचेही निधन झाले, तोवर भाषांतराचे काम त्यांनी पूर्ण केले होते. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून निघाले. आज मराठी चर्चमध्ये बायबल सोसायटीची भाषांतरे अधिक वाचली जातात. पण संपूर्ण बायबलचे भाषांतर एकटीने करणाऱ्या जगातल्या मोजक्या स्त्रियांत रमाबाईंचे नाव आहे. ज्या बाईला वेद वर्ज्य होते, तिने दुसऱ्या एका धर्माचा ग्रंथ मुळातून वाचला आणि तो निरक्षर म्हणून आलेल्या मुलींच्या हाती दिला.