रेव्हरंड नारायण वामन टिळक

रविवारच्या उपासनेत आपण जी पदे गातो, त्यांपैकी पुष्कळांचे कर्ते ना. वा. टिळक होत. अकोल्याकडील असो की अमरावती-अचलपुराकडील असो, वऱ्हाडातील खेड्यांच्या मंडळ्यांत अक्षरशत्रु असलेल्या म्हाताऱ्या बाईसही त्यांची चार-दोन पदे मुखोद्गत असतात. परंतु ती रचणारा पुरुष कोण होता, त्याने काय सोसले व शेवटी तो कोणत्या विवंचनेत होता, हे आमच्या उपदेशक बंधूंपैकीही थोड्यांसच ठाऊक आहे. म्हणून हे चरित्र आम्ही लिहावयास घेतले. मंडळी दुसऱ्याच्या आधारावर किती दिवस उभी राहणार, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस ती आपली केव्हा वाटणार, हा जो प्रश्न आज आम्हांस टोचतो, तोच टिळकांस शंभर वर्षांपूर्वी टोचत होता.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत असून स्वभावाने अतिशय करडे. आई जानकीबाई मायाळू व भक्तिमान. आई बालपणीच अंतरली आणि मुलगा घर सोडून नाशकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका त्यांस दिली. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आली. संसार मांडला खरा, पण टिळकांचे चित्त एका गावी ठरेना. आज येथे शिक्षक, उद्या तेथे पुराणिक, परवा आणखी कोठे, असा क्रम पुष्कळ वर्षे चालला.

नागपुरास आप्पासाहेब बुटी नावाच्या धनिकाच्या आश्रयाने त्यांस काही स्वस्थता लाभली. तेथे ते ग्रंथांच्या कामात असत व 'ऋषि' नावाचे एक मासिकही त्यांनी चालविले. हिंदु धर्माची सुधारणा करून देशास एकत्र आणावे, जातिभेद मोडावा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. १८९३ साली नोकरीनिमित्त राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. दोघांचे काव्यशास्त्रावर बोलणे झाले आणि उतरतेवेळी त्या गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. तो गृहस्थ पुन्हा कधी भेटला नाही, त्याचे नावही टिळकांस कळले नाही. पुस्तक वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथे त्यांचे मन जे गुंतले ते सुटेना. उपदेशक बंधूंनी हे ध्यानात घ्यावे: त्या प्रवाशाने वादविवाद केला नाही, काही आमिष दाखविले नाही, एक पुस्तक दिले व आपल्या वाटेने गेला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे वय तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. जात गेली, आप्त तुटले, आणि सर्वांत कठीण म्हणजे पत्नी दुरावली. लक्ष्मीबाई नातलगांकडे राहिल्या. सुमारे पाच वर्षे हा वियोग चालला. पुढे त्या पतीकडे आल्या तेव्हाही प्रथम आपले सोवळे व आपले पाणी निराळे ठेवून राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जात ही माणसाने केलेली आहे हे त्यांचे त्यांस उमगले तेव्हा त्यांनीच सोवळे सोडले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आमच्या काही मंडळ्यांत प्रभुभोजनाची थाळी एक, पण लग्नाची पंगत व सोयरीक मात्र जुन्या जातीप्रमाणे निराळी, असे अजून दिसते. तीन-तीन पिढ्या मंडळीत असलेल्या घरांनी लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक एकदा वाचून पाहावे.

येथे एका गोष्टीविषयी बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. टिळकांनी आपला विश्वास चारचौघांत कबूल केला व त्याची किंमत मोजली, हे सांगून आमच्या गरीब बांधवांस लाजविणारे उपदेशक आम्ही ऐकले आहेत. ते आम्हांस पटत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्याच होत्या. १९५६ साली त्या शिखांस व १९९० साली बौद्धांस मिळाल्या, ख्रिस्ती झालेला मात्र बाहेरच राहिला. त्यामुळे कापूस वेचून पोट भरणारा बाप मंडळीत एक नाव सांगतो व मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरी ओळख ठेवितो. टिळकांचे सर्वस्व गेले तरी त्यांची विद्या व लेखणी त्यांच्यापाशी उरली होती. या बापापाशी काय उरते? त्याचे वागणे सरळ आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्या दारी जाताना न्यायाधीश होऊन जाऊ नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.

पुढील पुष्कळ वर्षे टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. तेथे त्यांनी धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत शिकविले, १९०४ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. 'वनवासी फूल', 'सुशीला' यांसारख्या काव्यांनी मंडळीबाहेरील रसिकांतही त्यांचे नाव झाले. तरुण कवी त्यांच्या घरी येऊन राहत. बालकवी ठोंबरे हे त्यांच्यापैकीच एक होत.

परंतु त्यांची खरी सेवा आम्हांस वाटते ती भजनांची. त्या वेळी मंडळीत परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते फार असत. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. टिळकांनी अभंग, ओवी व पद यांतून प्रभूचे गुणगान घराघरांत नेले. तुकोबांच्या अभंगांवरून चालतच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघडपणे मानीत. वऱ्हाडच्या माणसास हे समजावून सांगावयास नको. आमच्या आजोबांच्या पिढीने गाडगे महाराजांचे कीर्तन ऐकले, वडिलांच्या पिढीने मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकली. ज्या गावात रात्र रात्र भजन चालते, तेथे आम्ही यंत्रातून निघणाऱ्या परक्या सुरावर माना डोलवाव्या, आणि टाळ-मृदंग म्हटले की मूर्तिपूजेचा वास येतो म्हणून नाक मुरडावे, हे विपरीत होय.

आता १९१७ सालाकडे येऊ. टिळक पंचावन्न वर्षांचे होते, प्रकृती ठीक नव्हती, मान होता, मिशनचा आधार होता. सप्टेंबर महिन्यात त्यांनी मिशनची नोकरी सोडली. भांडण होऊन सोडली नाही. मिशनरी मित्रांशी त्यांचा स्नेह शेवटपर्यंत राहिला. त्यांस वाटे की, जोपर्यंत उपदेश करणारा परदेशी मिशनचा पगारदार आहे, तोपर्यंत लोक त्याचे शब्द पगाराच्या तराजूत तोलणार. म्हणून साताऱ्यास राहून त्यांनी 'देवाचा दरबार' या नावाने बंधुसमाज उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, जे कोणी ख्रिस्ताचे शिष्य म्हणवितील, त्या सर्वांस त्यात जागा होती.

यावर पुष्कळ वादळ उठले. बाप्तिस्म्याचे महत्त्व अशाने कमी होईल, अशी भीती कित्येकांस वाटली. आम्हीही पाळक आहो; बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे व ती ऐच्छिक मानता येत नाही, असे आमचे मत आहे. या एका बाबतीत टिळक फार पुढे गेले असे आम्हांस वाटते. परंतु त्यांनी जो रोग ओळखला तो खोटा नव्हता.

तो रोग आम्ही जवळून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडील एका खेड्यात वादळाने प्रार्थनामंदिराची टिनपत्रे उडाली. पंच जमले. पहिला प्रश्न निघाला तो अर्ज कोणाकडे करावा हा. मिशनरी साहेब जाऊन कित्येक वर्षे लोटली होती, तरी अर्ज लिहिला गेला, आणि आम्हीच तो लिहून दिला, हेही कबूल केले पाहिजे. दोन पावसाळे मंडळी निंबाखाली बसली. तिसऱ्या वर्षी सुगीला एक विधवा बहीण पायलीभर तूर घेऊन आली व पत्र्यांसाठी म्हणून वेदीपाशी ठेवून गेली. दुसऱ्या रविवारी कोणी ज्वारी आणली, कोणी कापसाचे पैसे आणले. मृग लागण्यापूर्वी छप्पर झाले. काही पत्रे जुनेच, ठोकून सरळ केलेले होते.

दरबारास मात्र दिवस थोडे मिळाले. टिळकांचा आजार बळावला आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे देशी रीतीने दहन झाले व अस्थी अहमदनगरास नेण्यात आल्या. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. ख्रिस्ताचे चरित्र महाकाव्यात गावे म्हणून त्यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले होते, तेही थोडेच अध्याय होऊन राहिले. एके काळी आपले पाणी निराळे ठेवणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. अक्षरओळख काय ती पतीनेच करून दिलेली. अध्यायामागून अध्याय रचीत त्यांनी ते काव्य पुरे केले, आणि १९३६ साली त्याही प्रभूकडे गेल्या.