पंधराचा वर्ग

आजचं वाचन : रोमकरांस पत्र १२ : १-८



आजच्या पहिल्याच वचनात पौल आपल्याला आपली शरीरं देवाला अर्पण करायला सांगतो. अशा अर्पणाला आपल्या मराठी बायबलमध्ये सेवा म्हटलं आहे. मूळ ग्रीक शब्द आहे लात्रेया, आणि त्याचा अर्थ आराधना असाही होतो, सेवा असाही होतो. पौल इथे गळा म्हणत नाही, शरीर म्हणतो. शरीर म्हणजे हात, पाठ, गुडघे आणि रात्रीची झोपसुद्धा.

हे वचन मी माइकवरून कितीतरी वेळा वाचून दाखवलं आहे. मी आमच्या मंडळीत कीबोर्ड वाजवतो, गाणी निवडतो, शुक्रवारी प्रॅक्टिस घेतो. लोक मला वर्शिप लीडर म्हणतात. गेल्या काही महिन्यांत मात्र हे नाव मला टोचायला लागलं आहे. का, ते शेवटी सांगतो. आधी पंडिता रमाबाईंची गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांना त्या केडगावच्या मुक्ती मिशनमुळे माहीत आहेत, पण त्यांच्या आयुष्यातली एक महत्त्वाची पहाट आमच्या लोणावळ्यात उगवली होती.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बाईने संस्कृत शिकायचं नाही असा तो काळ, पण त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते वर्षानुवर्षं चालतच राहिलं. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसायचं, पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर पोट भरायचं. लहान वयातच रमाबाईंना हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत या दिवसांबद्दल एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिली आहे. मोलमजुरी करून जगता आलं असतं, पण जातीचा आणि विद्येचा अभिमान आड आला. शिवाय हाताने करायचं कुठलंच काम घरात कुणाला शिकवलेलं नव्हतं. तोंडात देवाचं नाव होतं, पण हातांना काही येत नव्हतं. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा थांबलो. पुढचं सगळं आयुष्य रमाबाई जणू या एका उणिवेला उत्तर देत राहिल्या असं मला वाटतं.

उरलेली दोघं, त्या आणि भाऊ श्रीनिवास, पायी हिंदुस्थानभर फिरली. उत्तरेकडच्या थंडीत पांघरायला पुरेसं नसायचं, तेव्हा नदीकाठी खड्डे करून वरून कोरडी वाळू ओढून झोपलेली ही भावंडं. १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्यावर तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला. वय तेवीस, कडेवर वर्षाचीही न झालेली लेक, आणि समाजाच्या लेखी एक विधवा.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे वॉन्टेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. आता इथे नीट लक्ष द्या. रमाबाईंचं मन ख्रिस्ताकडे वळलं त्याला एखादं गीत किंवा जोरदार प्रवचन कारण झालं नाही. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथलं आपलं काम दाखवायला नेलं. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांचं ते घर होतं. तिथे त्या बायकांना कुणी हिणवत नव्हतं. त्यांची शुश्रूषा होत होती, त्यांना काम शिकवलं जात होतं, आणि सावरलेल्या बायका दुसऱ्यांना सावरत होत्या. हे कशाच्या बळावर चालतं, असा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट समजावून दिली. प्रभू जिच्याशी विहिरीवर बोलला ती बाई अशीच टाकलेली होती. आत्म्याने व खरेपणाने उपासना कशी करावी हे प्रभूने सांगितलं तेही तिलाच. म्हणजे रमाबाईंनी आधी सेवा पाहिली आणि तिच्या मागोमाग वचन ऐकलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

अमेरिकेत फिरून, व्याख्यानं देऊन, पुस्तक लिहून त्यांनी मदत उभी केली आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. १८९३ साली ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा आरोप होऊन मोठं वादळ उठलं. हिंदू सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या राहिल्या, त्यांना घेऊन बाईंनी काम चालू ठेवलं.

आणि मग १८९६ चं लोणावळं.

बोरघाटातून रेल्वे सुरू होऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. मुंबई-पुण्याच्या मधलं हे थंड हवेचं ठिकाण, त्यामुळे ख्रिस्ती लोकांची प्रार्थना शिबिरं इथे भरायची. अशाच एका शिबिराला रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन आल्या. या पंधराजणींनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला होता. एका पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या, त्या पंधराजणींबद्दल देवाचे आभार मानले, आणि एक अजब मागणी केली : देवा, पुढच्या वर्षापर्यंत या संख्येचा वर्ग कर.

दुप्पट नव्हे, वर्ग. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखाद्या कामाचा वेळ एन-स्क्वेअरने वाढतो म्हटलं की पोटात गोळा येतो. पंधरा नोंदी असताना झटकन चालणारा प्रोग्राम नोंदी वाढल्या की गुडघे टेकतो. म्हणून ही प्रार्थना वाचताना माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो खर्चाचा. दोनशे पंचवीस आत्मे मागणं म्हणजे तितकीच ताटं, तितकीच अंथरुणं, तितक्या डोक्यांच्या उवा आणि तितकेच ताप मागणं. आपण गाण्यात देवाकडे पुष्कळ काही मागतो. ते मिळालं तर धुणंभांडी कोण करणार, हा विचार किती वेळा करतो?

त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःची लहानपणची भूक रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या तिकडे गेल्या आणि उपासमारीने सांगाडे झालेल्या, खरजेने भरलेल्या, कुणी कुणी वाईट माणसांच्या हाती सापडलेल्या मुली घेऊन आल्या. वर्ष सरायच्या आत हा आकडा तीनशेच्या घरात गेला. शारदा सदनातल्या मोठ्या मुलींनी नव्या मुलींना सांभाळायला घेतलं. पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्यावर या मुलींना केडगावच्या शेतावर हलवलं, आणि तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या जवळ पोहोचली.

आता मुक्तीतला दिवस डोळ्यांसमोर आणा. शेती, विहिरी, गोठा, तेलाचा घाणा, माग, शिवण, छापखाना, दवाखाना, आणि न संपणारा स्वयंपाक. ही सगळी कामं मुलीबाया करत. ज्या बाईच्या घरात कधीकाळी हातांना काम येत नव्हतं, तिने आपल्या एकाही मुलीला हातांनी अडाणी ठेवलं नाही. आणि उलटही तितकंच खरं : हाताने राबते म्हणून एकीलाही अक्षराविना ठेवलं नाही. दळणारीने वाचायचं आणि वाचणारीने दळायचं. फुलहॅमला जे पाहिलं होतं ते इथे कृपा सदन म्हणून उभं राहिलं, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी. अंधांसाठी बार्तीमी सदन होतं. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून अंध मुलींना वाचायला शिकवलं.

१९०५ साली मुक्तीत मोठं संजीवन झालं. ते आपल्याला त्यातल्या प्रार्थनांसाठी आणि अश्रूंसाठी आठवतं, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवसांतही दोन हजार तोंडांना भाकरी लागत होतीच. कुणीतरी रोज पहाटे उठून चूल पेटवत होतं. त्या बायकांच्या नावांचा संजीवनाच्या इतिहासात उल्लेख नाही. माझ्या मते मात्र देवाच्या आत्म्याने प्रार्थनेच्या दालनात जेवढं काम केलं, तेवढंच चुलीपाशीही केलं.

शेवटची पंधरा-वीस वर्षं रमाबाई बायबलचा अनुवाद करत होत्या. त्यासाठी उतरत्या वयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत त्यांना शास्त्र द्यायचं होतं. हजारो श्लोक पाठ असलेल्या पंडितेने आपलं जड संस्कृत बाजूला ठेवलं. माझ्या लेखी ही त्यांची सगळ्यात अवघड सेवा. या बायबलचे खिळे जुळवायला आणि पानं छापायला मुक्तीच्याच मुली होत्या. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. हा घाव घेऊनही आई प्रुफं तपासत बसली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

आता माझं. आईला पक्षाघात होऊन वर्ष झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी हिंजवडीला नोकरी करतो, घाट नसला तरी रोजचा प्रवास आहेच, आणि शुक्रवार-शनिवार प्रॅक्टिस. आईचं सगळं बायको करते. एका शनिवारी रात्री मी हेडफोन लावून रविवारच्या गाण्यांचे कॉर्ड बसवत होतो. आई आवाज करत होती, मला ऐकू आलं नाही. बायको तीनदा उठली. तिसऱ्यांदा ती ओली चादर घेऊन माझ्यामागून गेली तेव्हा मी मान वर केली. त्या रात्री हिशेब केला तर कळलं, ती आठ महिने मंडळीत आलेली नाही. आठ महिने तिने प्रभुभोजन घेतलेलं नाही. आराधना मी चालवत होतो, आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

यातून सुटायचा एक सोपा मार्ग होता. सेवा हीच आराधना, म्हणजे तीच खरी आराधना करतेय, असं एक छान मनन लिहून टाकायचं आणि परत कीबोर्डवर जाऊन बसायचं. पण मुक्तीची गोष्ट मला तसं करू देत नाही. जी राबते आहे तिला राबणं हीच तुझी भक्ती असं सांगणं, हे रमाबाईंनी कधी केलं नाही. त्यांनी जातं आणि पुस्तक दोन्ही सगळ्यांमध्ये वाटून दिलं.

म्हणून मी पाळकसाहेबांना सांगून एक रविवार सोडून एक रविवार घरी राहायला लागलो. कीबोर्डला एक कॉलेजातला मुलगा बसतो. पहिल्या रविवारी आईने मला तिच्याजवळ येऊ दिलं नाही, तोंड भिंतीकडे केलं. मुलाने हे करायचं याची तिला लाज वाटत होती. मलाही वाटत होती. मी डायपर उलटा लावला, गादी भिजली, सगळं पुन्हा करावं लागलं. शेवटी आईनेच डाव्या हाताने दाखवलं, असं नाही, असं. बाहेर धो धो पाऊस होता, नाहीतर गाण्यांचा आवाज चर्चमधून आमच्या घरापर्यंत येतो.

बायको प्रभुभोजन घेऊन आली. काही बोलली नाही. छत्री मिटून जरा वेळ पायरीवर बसून राहिली, आणि मी तिला चहा नेऊन दिला.

अजून ते काम मला नीट जमत नाही. शिकतो आहे.

मननासाठी : तुमच्या घरातलं किंवा मंडळीतलं कोण इतरांच्या सेवेमुळे उपासनेला येऊ शकत नाही? या आठवड्यात तिचं किंवा त्याचं कुठलं काम तुम्ही स्वतःच्या हातांनी कराल?

प्रार्थना : हे प्रभू, तू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतलेस. आमच्या ओठांवरची स्तुती आमच्या हातांपर्यंत येऊ दे. जे वाढव म्हणून तुझ्याकडे मागतो, त्याचं ओझं उचलायची तयारीही दे. आणि जे हात थकले आहेत, त्यांना तुझ्या मेजाजवळ बसवायला आम्हांला विसरू देऊ नकोस. येशूच्या नावात, आमेन.